कारभाऱ्याच्या टेबलावरची माहिती

(हीरकमहोत्सवानिमित्त मुनिरका, नवी दिल्ली येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



मुनिरका दिल्लीच्या पोटात आहे आणि तरीही ते गावच आहे. टोकस कुळातील जाटांची ही जुनी वस्ती. आउटर रिंग रोडवरून आत वळले की गल्ल्या इतक्या अरुंद होतात की समोरासमोरच्या सज्ज्यांतून वाटी देता यावी. दक्षिणेला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, पूर्वेला आय.आय.टी., उत्तरेला रामकृष्ण पुरमची सरकारी वसाहत. २०१८ पासून मेट्रोही गावाच्या नावाने थांबते. थोडे पुढे भिकाजी कामा प्लेस लागते. जन्माने मुंबईच्या असलेल्या मॅडम कामांचे नाव मिरवणाऱ्या या संकुलात ‘गेल’ आणि ‘इंजिनिअर्स इंडिया’ यांसारख्या सार्वजनिक उद्योगांची मुख्यालये आहेत. चाणक्यपुरीत रेल्वे संग्रहालयाच्या शेजारी ‘क्रिस’ नावाची संस्था आहे. तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते, पण तिने बनवलेले तिकीट या सभागृहातील बहुतेकांनी केव्हा ना केव्हा हातात घेतलेले आहे.

या परिसरातील उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर निर्णय घेणारी माणसे बसतात. आपल्या शाळेचे काही विद्यार्थीही आज तेथे आहेत, आणि अनेक पालक त्या माणसांसाठी रोज आकडे गोळा करतात. निर्णय घेणाऱ्याला नेमके काय कळते, केव्हा कळते आणि कोणाकडून कळते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. व्यवस्थापनशास्त्रात अशा अधिकाऱ्याला एक्झिक्युटिव्ह म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘कारभारी’ हा शब्द फार पूर्वीपासून आहे आणि तो या कामाला अधिक शोभतो.

दिल्लीत बसून दूरच्या कारभाऱ्यासाठी माहिती गोळा करण्याचे काम मराठी माणसाला नवे नाही. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील मंडळी दिल्ली दरबारी राहत. बादशहाची मर्जी, वजिराची हालचाल, उत्तरेकडून येणाऱ्या फौजांची बातमी ते पत्रांतून पुण्याला कळवीत. अशा असंख्य कागदांचा साठा पेशवे दप्तरात राहिला. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्या काळच्या राज्यकारभाराची ती माहितीयंत्रणाच होती. तिला वेग घोड्याचा आणि जासुदाच्या पायांचा होता, आणि तिच्या अडचणी आजच्याच होत्या. पत्र वाटेत अडवले जाई, लिहिणारा स्वतःच्या सोयीचे लिही, आणि महत्त्वाची बातमी नेमकी उशिरा पोहोचे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते नानासाहेब पेशव्यांना सुमारे दहा दिवसांनी, माळव्यात भेलशाजवळ, समजले. ती वार्ता एका सावकारी पत्रातून, सांकेतिक भाषेत आली, ही गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. तिच्यातील एका बारकाव्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. राज्याच्या डाकेआधी सावकाराची डाक पोहोचली. ज्याचा पैसा अडकलेला असतो तो माहितीचा रस्ता अधिक जपतो. व्यापार आणि माहिती यांचे नाते समजून घ्यायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

पुढे संगणक आला. मोठ्या कंपन्यांनी तो प्रथम वेतन, साठा, बिले यांच्या हिशेबासाठी घेतला. या हिशेबातून जे जाडजूड छापील गठ्ठे निघत, त्यांतलेच काही कागद वरच्या साहेबांकडे जात. अमेरिकेतील एम.आय.टी.चे जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखात या पद्धतीचे मर्म दाखवून दिले. कारकुनी कामासाठी बनवलेल्या यंत्रणेतून उरलेसुरले जे बाहेर पडते तेच साहेबाला दिले जाते. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर मळी उरते, तसे. त्याला हवे काय, हे कोणी विचारतच नाही. रॉकार्ट यांचा उपाय साधा होता. ज्या चार-सहा बाबी बिघडल्या तर सारा धंदाच बिघडतो, त्या कारभाऱ्याने स्वतः ठरवाव्यात आणि माहिती त्यांचीच मागवावी.

त्यातून १९८० च्या दशकात खास वरिष्ठांसाठीच्या माहितीप्रणाली निघाल्या. मोजक्या साहेबांच्या टेबलांवर रंगीत पडदे आले, आकड्यांऐवजी आलेख दिसू लागले. पण पडद्यामागे विश्लेषकांची एक तुकडी रात्रभर राबून सकाळचे चित्र तयार ठेवीत असे. प्रत्येक यंत्रावर वेगळे सॉफ्टवेअर चढवावे लागे. खर्च अफाट होता. त्यामुळे ही सोय फक्त सर्वांत वरच्या मजल्याला परवडे, आणि ती कंपनीच्या आतल्याच आकड्यांपुरती असे. बाजारात काय चालले आहे हे कळायला साहेबाला फोन किंवा वर्तमानपत्रच हाती घ्यावे लागे.

या पार्श्वभूमीवर वेबचा जन्म पाहिला की एक गंमत ध्यानात येते. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत जो प्रस्ताव मांडला, त्याचा विषय माहितीचे व्यवस्थापन हाच होता. तेथे माणसे येत आणि दोन वर्षांत निघून जात. त्यांच्याबरोबर कोणते यंत्र कशाला जोडले आहे, कोणता कागद कोठे आहे, ही माहितीही जाई. एका मोठ्या संस्थेचा विसराळूपणा ही त्यांची अडचण होती. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्व जगाला विनामूल्य खुला केला. वेब आधी करमणुकीसाठी आले आणि मग कचेरीत शिरले, असा समज सर्वत्र आहे. घडले ते उलट.

भारतात इंटरनेटची पहिली पावले मुनिरक्याच्या शेजारीच पडली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या भागीदारांत दिल्लीची आय.आय.टी. होती, तशीच मुंबईत जुहूची ‘एन.सी.एस.टी.’ होती. सर्वसामान्यांसाठी ही सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मोडेम किरकिरे, आणि स्वस्त जोडणीत फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत.

आता रेल्वेकडे वळू. वेबने कारभाऱ्याच्या माहितीचे काय केले, हे जितके रेल्वेत स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. रेल्वे ही जनसेवा आहे, पण तिकिटे विकणारा आणि माल वाहणारा तो एक प्रचंड व्यवसायही आहे.

१९८५ पूर्वी आरक्षण म्हणजे जाड वह्या. एका गाडीची, एका दिवसाची वही एकाच खिडकीवर असे. ती दुसऱ्या कारकुनाच्या हातात असेपर्यंत प्रवाशाने थांबावे, एवढाच मार्ग होता. नवी दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षण सुरू झाले, पुढच्या वर्षी ‘क्रिस’ची स्थापना झाली, आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाच केंद्रे परस्परांना जोडली गेली. नागपूरच्या खिडकीवर चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले. तरीही हे सारे रेल्वेच्या स्वतःच्या तारांवर, स्वतःच्या खिडक्यांपुरते होते. पडदा फक्त कारकुनासमोर होता.

ऑगस्ट २००२ मध्ये आय.आर.सी.टी.सी.ने वेबवरून तिकीट विकायला सुरुवात केली. आरंभी तिकीट घरबसल्या काढले तरी कागद कुरिअरने येई. घरीच छापता येणारे ई-तिकीट २००५ चे. या बदलाचे कौतुक प्रवाशाच्या सोयीच्या अंगाने पुष्कळ झाले. कारभाऱ्याच्या अंगाने पाहिले तर त्याहून मोठी गोष्ट घडली. जुनी आरक्षणयंत्रणा मोडली नाही. तिच्यापुढे वेबचा एक दरवाजा बसवला गेला, आणि त्या दरवाजातून प्रवाशाने स्वतःच्या हाताने भरलेली माहिती थेट आत येऊ लागली. कोणाला कोठे, केव्हा, कोणत्या वर्गाने जायचे आहे, याचा अंदाज पूर्वी विभागीय कचेऱ्या मागाहून पाठवीत. आता मागणी घडते त्या क्षणीच नोंदली जाते. गणपतीत कोकणात, दिवाळीत पुण्याकडे, छठपूजेला बिहारकडे प्रतीक्षायादी कशी फुगते, हे अधिकारी बसल्या जागी पाहतो आणि जादा डबा किंवा खास गाडी कोठे लागेल ते ठरवतो. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांत जागा भरतील तसतसे भाडे वाढू लागले. विक्रीचा आकडा आणि दराचा निर्णय यांत पूर्वी महिन्यांचे अंतर असे. येथे ते उरलेच नाही. नियम आधी ठरवला गेला आणि पुढचे काम यंत्राने केले. ते प्रवाशाच्या हिताचे झाले का, यावर मतभेद आहेत आणि असावेत. भाड्यापुरता तरी कारभारी आता एकेका निर्णयाचा नव्हे, तर निर्णयाच्या नियमाचा धनी झाला आहे.

यापेक्षाही बोलकी गोष्ट गाड्यांच्या वेळेची. नियंत्रण कक्षात बसलेला कंट्रोलर पूर्वी कानाला टेलिफोन लावून, स्टेशनमास्तर सांगेल ती वेळ रंगीत पेन्सिलीने मोठ्या कागदावर ओढीत असे. तिरप्या रेषांचे ते जाळे म्हणजे त्या विभागातील सर्व गाड्यांचे चालते चित्र. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ती एक कलाच वाटे. पुढे ही रेषा संगणकावर आली आणि तिच्यातील माहिती वेबवरून गाड्यांची सद्यःस्थिती सांगणाऱ्या सेवेला मिळू लागली. त्यामुळे विभागाचा व्यवस्थापक जे पाहतो त्याचा बराच भाग फलाटावर पिशवीवर बसलेली आजीही नातवाच्या मोबाइलवर पाहू लागली. “गाडी येतेय, थोडा उशीर आहे” असे चौकशी खिडकीवरून मोघम सांगण्याचे दिवस संपले. माहिती हे अधिकाराचे एक शस्त्र होते, आणि ते वेबने निम्मे तरी काढून घेतले. कित्येक अधिकाऱ्यांना वेबचा खरा त्रास येथून सुरू झाला, वेगामुळे नव्हे.

पण गाडी पोहोचल्याची वेळ अजूनही माणूसच भरत होता. ज्याच्या कामाची परीक्षा आहे त्यानेच गुण भरायचे, असा तो प्रकार. शिक्षकांना त्यातला धोका वेगळा समजावून सांगायला नको. २०१८ च्या सुमारास महत्त्वाच्या स्थानकांवर सिग्नलला जोडलेल्या उपकरणांकडून ही वेळ आपोआप घेतली जाऊ लागली, आणि वक्तशीरपणाचा आकडा खाली आला. रेल्वे प्रशासनानेही त्याचे एक कारण म्हणून नोंदपद्धतीतील बदलाकडे बोट दाखवले. म्हणजे उशिरातला काही भाग नवा नव्हता. तो फक्त प्रथमच दिसू लागला होता. त्यानंतर इस्रोच्या साहाय्याने इंजिनांवर उपग्रहाधारित यंत्रे बसवली जाऊ लागली, आणि आता इंजिनच आपला ठावठिकाणा कळवते. येथे कारभाऱ्याच्या धैर्याचा प्रश्न येतो. खरा आकडा आला की सुरुवातीला तो वाईटच दिसतो. ज्या संस्थेत वाईट आकडा आणणाऱ्यालाच धारेवर धरले जाते, तेथे कितीही उत्तम तंत्रज्ञान आणले तरी वर जाणारी माहिती गोडच राहते.

अशा आकड्यांचे जे फलक आज प्रत्येक कचेरीत पडद्यावर झळकतात, त्यांना डॅशबोर्ड म्हणतात. या शब्दाचे मूळ मजेदार आहे. घोडागाडीत घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत, ती डॅशबोर्ड. कित्येक कचेऱ्यांत तो आजही तेच काम करतो. हिरव्या, पिवळ्या, लाल खुणांचा देखणा फलक समोर असला की रस्त्यावरचा चिखल साहेबाच्या अंगावर येत नाही, आणि त्याला तो दिसतही नाही.

तरी या फलकांचा योग्य उपयोग होऊ शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. राष्ट्रीय सूचना केंद्राने म्हणजे एन.आय.सी.ने तयार केलेल्या ‘प्रगती’ या व्यासपीठावर २५ मार्च २०१५ पासून पंतप्रधान, केंद्रीय सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव एकाच वेळी एकाच प्रकल्पाची कागदपत्रे आणि चित्रे समोर ठेवून बोलतात. रखडलेल्या पुलाबाबत केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवते, हा आपल्याकडचा जुना खेळ. दोघांच्या डोळ्यांपुढे एकच पान असले की तो खेळ अवघड होतो. खासगी कंपन्यांतही वेबने मुख्यतः हेच साधले. पुण्याचा कारखाना, गुरुग्रामचे विक्री कार्यालय आणि सिंगापूरचा ग्राहक यांच्याकडे पूर्वी एकाच मालाचे तीन वेगवेगळे आकडे असत आणि बैठकीचा पहिला तास कोणाचा आकडा खरा यावरच जाई. साधा ब्राउझर असलेल्या कोणत्याही यंत्रावर एकच पान उघडू लागल्याने तो तास वाचला. तो पुढे कशात घालवला जातो, हा निराळा विषय.

पालकहो, दिल्लीच्या पडद्यांविषयी पुष्कळ झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरची हकीगत याहून जुनी आहे आणि शिकवण्याजोगी आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधानांनी माहिती तंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कृतिदल नेमला होता, त्या उत्साहाचा तो काळ. वारणेचे तांत्रिक काम एन.आय.सी.कडे होते. गावोगावी माहितीकेंद्रे उघडली. शेतकऱ्याने तेथे उसाची नोंद करावी, तोड केव्हा येणार ते पाहावे, वजनाचा आणि बिलाचा आकडा घ्यावा, आणि त्याच पडद्यावर जगभरची शेतीविषयक माहिती, बाजारभाव, आरोग्य, शिक्षणही पाहावे, अशी कल्पना होती.

साखर कारखान्याच्या कारभाऱ्याला काय लागते? आज किती ऊस गाळला, उतारा किती आला, उद्या कोणत्या शिवारातून किती टन येईल. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला गेला नाही तर त्यातली साखर घटू लागते. म्हणून तोडीचे वेळापत्रक हाच त्या धंद्याचा प्राण. ही माहिती पूर्वी चिटबॉयच्या वहीतून, शेती खात्याच्या जीपमधून, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर येई. संगणकीय केंद्रांनी ती थेट कारखान्यात आणली. तो भाग यशस्वी झाला, कारण त्यात कारखान्याचे आणि शेतकऱ्याचे हित एकाच आकड्यात होते. जगभरच्या माहितीचा भाग मात्र फारसा रुजला नाही. शेतकरी केंद्रावर येई तो वजन आणि बिल विचारायला. काही वर्षांनी यंत्रे जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च वाढला.

मग २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तेथे एक लहानसा प्रयोग केला. सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून संदेश पाठवायचा आणि उत्तरात वजन, खताचा हिशेब, बिल मिळवायचे. शेतकऱ्यांना ते सोयीचे वाटले. खर्चही पुष्कळ कमी आला. मोठा, रंगीत, सर्वसमावेशक पडदा आणण्यासाठी जेवढी धडपड झाली होती, तिच्या मानाने एका ओळीचा संदेश अधिक उपयोगी पडला. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत आज जे व्यवस्थापक पन्नास आलेखांच्या फलकासमोर बसतात, त्यांनी वारणेचा हा वृत्तान्त एकदा अवश्य वाचावा. रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये सांगितले ते आणि वारण्याच्या ऊसउत्पादकाने कृतीने दाखवले ते एकच आहे.

सारी माहिती एका जाळ्यावर आणण्याची दुसरी बाजूही येथून फार दूर नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे ‘एम्स’मधील, संगणकयंत्रणा खंडणीखोर सॉफ्टवेअरने बंद पाडली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले, वॉर्डातल्या दाखल रुग्णांची माहिती, सगळे थांबले. सुमारे दोन आठवडे देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक कागद आणि पेनावर चालले. पाच सर्व्हरांवरील माहिती कुलूपबंद झाली होती, आणि जाळ्याची नीट विभागणी नसणे हे त्यामागचे कारण असल्याचे पुढे संसदेत सांगण्यात आले. वाड्याला एकच दिंडी दरवाजा आणि आत एकाही खोलीला कडी नाही, असे म्हटले तर ते घरातल्या कोणालाही समजेल.   कारभाऱ्याने माहितीयंत्रणा विकत घेताना ती बंद पडल्यावर काय करायचे हेही त्याच दिवशी ठरवायला हवे; प्रत्यक्षात तो प्रश्न नेहमी शेवटच्या पानावर, खरेदीची सही झाल्यावर येतो.

आता ज्या एका बाबीसाठी मराठी माध्यमाच्या शाळेत या विषयावर बोलणे योग्य ठरते, तिकडे येऊ. ती बाब लिपीची. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते, आणि पुण्याच्या सी-डॅकने त्याआधीपासून भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले होते. तरीही पुढची पंधरा-वीस वर्षे आपल्या कचेऱ्यांतील मराठी निरनिराळ्या छपाईच्या फॉण्टांत अडकून राहिली. एका टेबलावर टंकलेले पत्र दुसऱ्या टेबलावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसे. छापलेला कागद सुबक असे, पण संगणकाच्या दृष्टीने त्यात मराठी नव्हतेच. त्यामुळे मराठीत लिहिलेले अर्ज, ठराव, तक्रारी शोधता येत नसत, मोजता येत नसत, एकत्र करता येत नसत. परिणाम असा की वरच्या मजल्यावर जो आकडा पोहोचे तो इंग्रजीत भरलेल्या माहितीचाच. जिल्ह्याच्या कचेरीत मराठीतून आलेली हजार गाऱ्हाणी फायलीत राहत, आणि इंग्रजीतून आलेली दहा फलकावर चढत. याला कोणी मुद्दाम केलेला अन्याय म्हणता येणार नाही. मोजणाऱ्याला जे वाचता येते तेवढेच मोजले जाते.

आज युनिकोडमुळे ही भिंत बरीच उतरली आहे. मुनिरक्याच्या गल्लीतला भाजीवालाही क्यू-आर फलक लावून बसतो आणि त्याच्या शेजारचा डबा आलेली रक्कम त्याच्या भाषेत मोठ्याने सांगतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यू.पी.आय.ने त्याच्या रोजच्या गल्ल्याची नोंद त्याच्या मोबाइलवर आणून ठेवली. कधीकाळी अमेरिकेतल्या कंपनीच्या अध्यक्षालाच परवडणारी सोय त्याच्या हाती आली, आणि तोही आपल्या टोपलीपुरता कारभारी झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून चाकणचा सुटे भाग बनवणारा लहान उद्योजक आणि त्याचा मोठा ग्राहक एकाच जाळ्यावर आपापली विवरणे भरतात, आणि एकाने भरले नाही की दुसऱ्याची करवजावट अडते. दुसऱ्याच्या हिशेबाची शिस्त ही आता स्वतःच्या धंद्याची माहिती झाली आहे. 

शाळेचा मुख्याध्यापकही एक कारभारीच असतो, आणि त्याच्या टेबलावरही हे सारे येऊन पोहोचले आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात साठ वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या मुलाचे नाव शाईने, देवनागरीत, वडिलांच्या नावासह आणि अक्षरी जन्मतारखेसह लिहिलेले असते. आज यू-डायस प्लसच्या पानावर तेच नाव रोमन लिपीत भरावे लागते, आणि ते आधारपत्रावरच्या नावाशी अक्षराक्षराने जुळावे लागते. ‘शिंदे’ या आडनावाचे स्पेलिंग किती तऱ्हांनी होते आणि ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ रोमन अक्षरांत किती वेशांत फिरतो, हे कोणत्याही शाळेच्या कार्यालयात अर्धा दिवस बसले की कळते. एक अक्षर चुकले की शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो, पारपत्र अडते, निवृत्तिवेतनाच्या कागदात प्रश्न उभा राहतो. पालकांनी मुलाच्या प्रवेशाच्या वेळीच नावाचे एकच रोमन रूप ठरवावे, आणि ते जन्मदाखला, आधारपत्र आणि शाळेची नोंद या तिन्ही ठिकाणी सारखे आहे ना, हे त्याच आठवड्यात ताडून पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या कागदांत असा फरक असेल त्यांनी तो निवृत्तीपर्यंत ठेवू नये. खात्री करायची वेळ आली की पोर्टल शेवटी शाळेकडेच विचारणा करते, आणि शाळेचा लिपिक कपाट उघडून त्या वर्षाचे, शिवण उसवलेले, मोठे रजिस्टर बाहेर काढतो.